सी भाषेतील उघड्या प्रवाहाचे पुनर्निर्देशन : ‘फ्रीओपन’ या फंक्शनचा चिकित्सक परिचय

प्रस्तावना :

विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थ्यांचा संगणकभाषेशी पहिला गंभीर परिचय सी या भाषेतून होतो. पहिल्या काही तासिकांतच ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन शिकविले जाते आणि ‘प्रिंटएफने लिहिलेला मजकूर पडद्यावर दिसतो’ एवढी समजूत बरेच दिवस पुरते. अडचण पुढे येते. एखाद्या आज्ञावलीत शे-दीडशे ठिकाणी ‘प्रिंटएफ’ लिहून झालेले असते. आज्ञावली तासन् तास चालते, तिचे आकडे पडद्यावरून झरझर वर सरकून नाहीसे होतात आणि ते सर्व एखाद्या फाईलमध्ये जपून ठेवण्याची गरज भासू लागते. संख्याशास्त्रातील यादृच्छिक नमुन्यांची सारणी असो वा भौतिकशास्त्रातील एखाद्या समीकरणाची संख्यात्मक उकल असो, गरज सारखीच असते.

ही गरज भागविण्याचे तीन मार्ग आहेत. प्रत्येक ‘प्रिंटएफ’ खोडून तेथे ‘एफप्रिंटएफ’ लिहावे व त्यास फाईलचा पॉइंटर द्यावा, हा पहिला मार्ग. आज्ञावलीस हातही न लावता, ती सुरू करतानाच आज्ञेच्या ओळीत ‘>’ हे चिन्ह व फाईलचे नाव द्यावे, हा दुसरा. तिसरा मार्ग म्हणजे आज्ञावलीच्या आरंभी ‘फ्रीओपन’ या फंक्शनची एकच ओळ लिहावी. तिला फाईलचे नाव, उघडण्याची पद्धत आणि ‘एसटीडीआऊट’ हा प्रमाण निर्गम प्रवाह असे तीन घटक दिले की पुढील सर्व ‘प्रिंटएफ’ निमूटपणे फाईलमध्ये लिहू लागतात. विद्यार्थ्यांना हा तिसरा मार्ग स्वाभाविकच सर्वांत सोपा वाटतो.

तो सोपा आहे हे खरे. परंतु त्याचे वर्तन साधे नाही. ‘फ्रीओपन’ प्रवाहाचे नाव कायम ठेवून त्यामागची फाईल बदलते. जुन्या फाईलकडे परतण्याची वाट ते राखून ठेवीत नाही आणि जुनी फाईल बंद करताना काही बिघडले तर ते कोणास सांगतही नाही. रात्रभर चाललेल्या आज्ञावलीची फाईल सकाळी कोरी का निघाली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अशा एखाद्या दुर्लक्षित तपशिलात असते. प्रस्तुत लेखात या फंक्शनची घडण, प्रमाणाने घालून दिलेले त्याचे वर्तन आणि अध्यापनात त्यामुळे उद्भवणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले आहे.

प्रवाह आणि त्याखालील क्रमांक :

सी भाषेतील आज्ञावली सामान्यतः फाईलशी थेट व्यवहार करीत नाही. ती प्रवाहाशी, म्हणजे स्ट्रीमशी, व्यवहार करते. प्रत्येक प्रवाहासाठी लायब्ररी स्मृतीमध्ये एक स्ट्रक्चर राखते. लिहिलेला मजकूर तात्पुरता साठविण्याची जागा म्हणजे बफर, त्रुटी घडली आहे काय हे दर्शविणारी खूण, फाईल संपली आहे काय हे दर्शविणारी खूण आणि युनिक्सच्या कुळातील प्रणालींवर एक लहानसा पूर्णांक एवढा ऐवज त्यात असतो. या पूर्णांकास फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. प्रमाण आगम, प्रमाण निर्गम व प्रमाण त्रुटी या तीन प्रवाहांचे डिस्क्रिप्टर अनुक्रमे ०, १ व २ असतात. कोणता क्रमांक कोणत्या उघड्या फाईलकडे जातो याची नोंद मात्र लायब्ररीकडे नसून ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते.

महाविद्यालयाच्या कार्यालयातील उदाहरण येथे उपयोगी पडेल. लिपिकाच्या टेबलावर ‘जावक’ असे लिहिलेला एक ट्रे असतो. त्यातील कागद शिपाई ठराविक वेळाने उचलतो आणि नेमून दिलेल्या कपाटात नेऊन ठेवतो. लिपिकाला फक्त ट्रे ठाऊक असतो. ट्रे म्हणजे स्ट्रक्चर, त्यात साठलेले कागद म्हणजे बफर, शिपायाला दिलेला कपाटाचा क्रमांक म्हणजे डिस्क्रिप्टर. ‘>’ या चिन्हाने होणारे पुनर्निर्देशन सर्वांत खालच्या पातळीवर होते. लिपिक कामावर येण्यापूर्वीच त्या क्रमांकाचे कपाट बदललेले असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘फ्रीओपन’ मात्र लिपिकाच्या डोळ्यांदेखत ट्रे रिकामा करते, जुन्या कपाटाशी असलेला संबंध तोडते आणि तोच ट्रे नव्या कपाटाशी जोडते.

अशा फंक्शनची गरज का भासली, याचे उत्तर इतिहासात आहे. बेल प्रयोगशाळेत माईक लेस्क यांनी सी भाषेसाठी सुवाह्य असा आगम-निर्गम संच लिहिला होता. पुढे त्याचेच रूपांतर प्रमाण आगम-निर्गम लायब्ररीत झाले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत ‘एफओपन’च्या सोबत ‘फ्रीओपन’ आढळते. त्या आवृत्तीत ‘एसटीडीइन’, ‘एसटीडीआऊट’ व ‘एसटीडीएरर’ ही चले नव्हती. ‘आयओबी’ या नावाच्या ॲरेतील पहिल्या तीन घटकांचे पत्ते, असे ते मॅक्रो होते. पत्त्याला नवी किंमत देता येत नाही. ‘एफओपन’ने नवी फाईल उघडून तिचा पॉइंटर ‘एसटीडीआऊट’मध्ये भरावा, हा सहज सुचणारा उपाय त्यामुळेच अशक्य होता. मग स्ट्रक्चर जागेवरच ठेवून त्यातील ऐवज बदलणारे फंक्शन आवश्यक ठरले. सी भाषेच्या प्रमाणातील एक तळटीपही या फंक्शनचा मुख्य उपयोग हाच सांगते. ग्नू प्रकल्पाच्या लायब्ररीत ही तीन नावे खरोखरीची चले आहेत व त्यांना नवी किंमत देता येते. परंतु त्यावर विसंबून लिहिलेली आज्ञावली अन्यत्र चालेलच असे नाही.

त्रुटींसाठी वेगळा प्रवाह असण्यामागेही एक मनोरंजक हकिकत आहे. बेल प्रयोगशाळेत फोटोटाइपसेटर नावाचे अक्षरजुळणीचे यंत्र आले. निर्गमाचे पुनर्निर्देशन केले की त्रुटीचा संदेशही त्याच वाटेने जाई आणि महागड्या प्रकाशसंवेदी कागदावर सुबकपणे छापून येई. या अनुभवानंतर त्रुटिप्रवाह वेगळा करण्यात आला, असे स्टीफन जॉन्सन यांनी सांगितले आहे. पुनर्निर्देशन करताना त्रुटीचे संदेश कोठे जातात याचा विचार आधी करावा लागतो, हे त्या काळीच ध्यानात आले होते.

प्रमाणाने ठरविलेले वर्तन :

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणात व १९९० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ‘फ्रीओपन’चा समावेश झाला. १९९९, २०११, २०१८ व २०२४ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुढील आवृत्त्यांतही त्याचे मूळ वर्तन तेच राहिले. ते असे : दिलेल्या प्रवाहाशी जोडलेली फाईल प्रथम बंद करण्याचा प्रयत्न केला जातो. तो प्रयत्न फसला तरी त्याकडे दुर्लक्ष केले जाते. त्रुटीची व फाईल संपल्याची अशा दोन्ही खुणा पुसल्या जातात. मग नवी फाईल उघडली जाते. ती उघडली तर तोच प्रवाहपॉइंटर परत मिळतो. न उघडल्यास शून्य पॉइंटर मिळतो.

या वर्णनातील दुसरे वाक्य अधिक काळजीपूर्वक वाचावयास हवे. फाईल बंद करण्याच्या क्षणी बफरमध्ये साठलेला मजकूर प्रत्यक्ष फाईलमध्ये उतरविला जातो. त्या वेळी डिस्क भरलेली असेल, किंवा नेटवर्कवरील फाईलशी संपर्क तुटला असेल, तर तो मजकूर नष्ट होतो. सामान्यतः ‘एफक्लोज’ हे फंक्शन ही चूक आपल्या परतकिमतीतून कळविते. ‘फ्रीओपन’ ती गिळून टाकते, शिवाय त्रुटीची खूणही पुसून टाकते. नवी फाईल व्यवस्थित उघडली की फंक्शन यशस्वी झाल्याचेच सांगते आणि जुन्या फाईलमधील शेवटची काही पाने हरवल्याचे कोणालाच कळत नाही. हे प्रमाणाचे उल्लंघन नव्हे, प्रमाणातच तसे लिहिले आहे. एकाच आज्ञावलीत एकामागून एक अनेक फाईलमध्ये निर्गम वळविणाऱ्याने त्यामुळे ‘फ्रीओपन’च्या आधी ‘एफफ्लश’ करून त्याची परतकिंमत तपासणे अगत्याचे आहे. युनिक्स प्रणालींच्या पॉझिक्स या प्रमाणातही बफर रिकामा करण्यातील अपयशाकडे असेच दुर्लक्ष करावयास सांगितले आहे.

आगम प्रवाहाच्या बाबतीत हाच प्रकार उलट दिशेने घडतो. ‘स्कॅनएफ’ने एक संख्या वाचली तरी लायब्ररीने खालून बराच मोठा तुकडा उचलून बफरमध्ये ठेवलेला असतो. या अवस्थेत ‘एसटीडीइन’ दुसऱ्या फाईलकडे वळविला तर न वाचलेला उरलेला तुकडा फेकला जातो. आगम एखाद्या पाइपमधून येत असेल तर तो पुन्हा मिळविण्याचा कोणताही उपाय नाही.

१९९९ च्या आवृत्तीत एक भर पडली. फाईलच्या नावाच्या जागी शून्य पॉइंटर दिला तर फाईल तीच ठेवून केवळ तिची पद्धत बदलण्याचा प्रयत्न केला जातो. उदाहरणार्थ, मजकूर पद्धतीतील प्रवाह द्विमान पद्धतीत नेणे. कोणते बदल चालतील हे मात्र प्रत्येक लायब्ररीवर सोपविले आहे. ग्नू लायब्ररी यासाठी लिनक्समधील ‘प्रॉक’ या आभासी फाईलव्यवस्थेतून तीच फाईल पुन्हा उघडते, तर मसल ही लहान लायब्ररी डिस्क्रिप्टरच्या खुणा बदलते. एकाच ओळीचे अर्थ असे भिन्न होत असल्याने सुवाह्य आज्ञावलीत ही सोय न वापरणेच बरे.

कोरी फाईल :

अध्यापकांकडे सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे ‘आज्ञावली चालली, पण फाईलमध्ये काहीच नाही’. तिचे मूळ बफरच्या धोरणात आहे. प्रवाह पडद्यासारख्या परस्परसंवादी साधनाशी जोडलेला असेल तर लायब्ररी बहुधा प्रत्येक ओळीच्या शेवटी बफर रिकामा करते. म्हणूनच पडद्यावर ओळी लगेच दिसतात. तोच प्रवाह फाईलशी जोडला गेला की तो पूर्ण बफरयुक्त होतो; बफर भरेपर्यंत फाईलमध्ये एक अक्षरही उतरत नाही. लिनक्सवर हा बफर सामान्यतः ४०९६ बाइटचा असतो. सरासरी चाळीस अक्षरांची ओळ धरली तर शंभराहून अधिक ओळी लिहून होईपर्यंत फाईल रिकामीच राहते.

आज्ञावली नीट संपली तर काही बिघडत नाही, कारण ‘मेन’मधून परतताना किंवा ‘एक्झिट’ बोलावताना सर्व बफर रिकामे होतात. पॉइंटरच्या चुकीने ती मध्येच कोसळली, वापरणाऱ्याने ती बळाने बंद केली किंवा वीज गेली, तर बफरमधील मजकूर स्मृतीसोबत जातो. यात एक विपरीत गोष्ट अशी की चूक शोधण्यासाठी जे शेवटचे ‘प्रिंटएफ’ हवे असतात नेमके तेच हरवतात. फाईलमधील शेवटची ओळ पाहून विद्यार्थी चूक तेथेच आहे असे समजतो. प्रत्यक्षात आज्ञावली त्यापुढे शंभर ओळी गेलेली असते आणि तो निर्दोष भागात दोष शोधत बसतो.

उपाय सोपा आहे. ‘फ्रीओपन’ यशस्वी झाल्यावर, त्या प्रवाहावर अन्य कोणतीही क्रिया करण्यापूर्वी, ‘सेटव्हीबफ’ या फंक्शनने ओळीगणिक बफर रिकामा करण्याचे धोरण ठरवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकदा लेखन सुरू झाल्यावर ‘सेटव्हीबफ’ वापरण्यास प्रमाण परवानगी देत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या गणनेत प्रत्येक टप्प्यानंतर ‘एफफ्लश’ करणे हाही चांगला मार्ग होय. ‘एफफ्लश’ मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करते, डिस्कवर नव्हे. आज्ञावली कोसळल्यास एवढे संरक्षण पुरते. वीज जाण्याच्या संकटासाठी पॉझिक्स प्रणालींवर ‘एफसिंक’ची जोड द्यावी लागते.

‘एसटीडीएरर’विषयी येथेच एक सूचना आवश्यक आहे. आज्ञावली सुरू होताना हा प्रवाह पूर्ण बफरयुक्त नसतो, याची हमी प्रमाण देते. त्रुटीचा संदेश तात्काळ दिसावा हा त्यामागचा हेतू. परंतु ‘फ्रीओपन’ने तो फाईलकडे वळविला की ती हमी उरत नाही. नव्याने उघडलेल्या इतर कोणत्याही फाईलसारखाच तो पूर्ण बफरयुक्त होऊ शकतो. त्रुटीची नोंदवही म्हणून उघडलेली फाईल आज्ञावली कोसळल्यावर रिकामी सापडते, त्याचे हे कारण होय.

दोन प्रवाह, एक फाईल :

निकाल व त्रुटी एकाच फाईलमध्ये याव्यात या इच्छेने विद्यार्थी ‘एसटीडीआऊट’ व ‘एसटीडीएरर’ या दोहोंसाठी एकाच नावाने, लेखन पद्धतीत, दोनदा ‘फ्रीओपन’ लिहितात. दोन्ही वेळा ते यशस्वी होते आणि येथूनच घोटाळा सुरू होतो. फाईल दोनदा स्वतंत्रपणे उघडल्यामुळे प्रत्येक प्रवाहाचे फाईलमधील लेखनस्थान वेगळे असते व दोन्ही स्थाने शून्यापासून सुरू होतात. त्रुटीचा तीस बाइटचा संदेश आधी उतरला आणि नंतर दोनशे बाइटचा निकाल उतरला, तर निकालाचे पहिले तीस बाइट त्या संदेशावरच लिहिले जातात आणि संदेश समूळ नाहीसा होतो. क्रम उलटा झाला तर निकालाची पहिली ओळ खराब होते. कोणता बफर आधी रिकामा होईल यावर सर्व अवलंबून असल्याने आज्ञावली एकदा बरोबर व एकदा चूक चालल्याचा भास होतो.

आज्ञेच्या ओळीतील ‘२>&१’ ही खूण असा घोटाळा करीत नाही. कारण ती फाईल दुसऱ्यांदा उघडत नाही. डिस्क्रिप्टर १ चीच प्रत डिस्क्रिप्टर २ मध्ये करते. दोन्ही क्रमांक एकाच उघड्या फाईलकडे जातात व लेखनस्थान सामायिक राहते. हा फरक अध्यापनात जरूर दाखवावा, कारण फाईलचे नाव एक असणे आणि उघडलेली फाईल एक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एरवी विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘फ्रीओपन’च वापरावयाचे असेल तर लेखन पद्धतीऐवजी जोडलेखनाची, म्हणजे ‘ए’ अक्षराने दर्शविली जाणारी, पद्धत निवडावी. तीत प्रत्येक लेखन फाईलच्या तत्कालीन अखेरीस होते. ओळींचा क्रम मागेपुढे होईल, पण काही पुसले जाणार नाही.

परतीची वाट :

निर्गम काही काळ फाईलकडे वळवावा व नंतर पुन्हा पडद्याकडे आणावा, ही मागणी वाजवी आहे. परंतु सी भाषेच्या प्रमाणात तिला उत्तर नाही. जुनी फाईल बंद झालेली असते आणि तिचे नाव लायब्ररीने कोठेही लिहून ठेवलेले नसते. कित्येकदा तिला नावच नसते. निर्गम पाइपमध्ये जात असेल तर नाव कशाचे द्यावयाचे? लिनक्सवर ‘/डेव्ह/टीटीवाय’ व विंडोजवर ‘कॉन’ ही विशेष नावे देऊन प्रवाह पडद्याशी जोडता येतो. परंतु ते परतणे नव्हे. आज्ञावली सुरू होतानाच तिचा निर्गम अन्य फाईलकडे वळविलेला असेल, तर या उपायाने उत्तरार्ध त्या फाईलऐवजी पडद्यावर उमटेल.

पॉझिक्स प्रणालींवर खरा उपाय खालच्या पातळीवर उपलब्ध आहे. प्रथम ‘एफफ्लश’ने बफर रिकामा करावा. मग ‘डप’ या फंक्शनने डिस्क्रिप्टर १ ची प्रत घेऊन ती जपून ठेवावी. नवी फाईल ‘ओपन’ने उघडावी, ‘डप-टू’ने तिचा डिस्क्रिप्टर १ वर आणावा व मूळ क्रमांक बंद करावा. काम झाल्यावर पुन्हा ‘एफफ्लश’ करून जपलेली प्रत ‘डप-टू’ने १ वर परत आणावी व ती प्रत बंद करावी. यात स्ट्रक्चरला हात लागत नाही. कार्यालयाच्या उदाहरणात सांगावयाचे तर ट्रे तसाच राहतो आणि कपाट बदलून पुन्हा पूर्ववत केले जाते. दोन्ही ‘एफफ्लश’ मात्र विसरता कामा नयेत, अन्यथा पडद्यासाठीचा मजकूर फाईलमध्ये व फाईलचा मजकूर पडद्यावर जाईल. विंडोजवरही अधोरेखा जोडलेल्या नावांनी हीच फंक्शने मिळतात.

तथापि, परतावयाचेच असेल तर मुळात प्रमाण प्रवाहाला न छेडणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. आज्ञावलीच्या आरंभी एक स्वतःचा फाईलपॉइंटर घोषित करावा व सर्व लेखन ‘एफप्रिंटएफ’ने त्याच्याद्वारे करावे. या पॉइंटरमध्ये कधी ‘एसटीडीआऊट’ व कधी ‘एफओपन’ने मिळालेली किंमत भरली की हवे तेव्हा जाता येते आणि हवे तेव्हा परतता येते. आज्ञावली नव्याने लिहिली जात असेल तर ‘फ्रीओपन’ची गरजच भासत नाही. जुन्या आज्ञावलीत, किंवा ज्यातील ‘प्रिंटएफ’ बदलता येत नाहीत अशा परकीय लायब्ररीच्या बाबतीत, त्याचा उपयोग आहे.

अपयश आणि रिकामा क्रमांक :

‘फ्रीओपन’ अयशस्वी होते तेव्हा जुनी फाईल आधीच बंद झालेली असते व नवी उघडलेली नसते. प्रवाह निराधार होतो. परतकिंमत न तपासता पुढे ‘प्रिंटएफ’ करीत राहिल्यास लेखन कोठेही जात नाही किंवा अनिश्चित वर्तन घडते. फाईलचे नाव चुकणे किंवा त्या ठिकाणी लिहिण्याची परवानगी नसणे एवढे कारण त्यास पुरते. अपयशाचा संदेश ‘एसटीडीएरर’वर द्यावयाचा असतो, म्हणून दोन्ही प्रवाह वळवावयाचे असल्यास त्रुटिप्रवाह शेवटी वळवावा. त्याचेच पुनर्निर्देशन फसले तर संदेश देण्यास जागा राहत नाही. अशा वेळी शून्येतर किमतीने आज्ञावली संपविणे एवढेच हाती असते.

यातील धोका केवळ गैरसोयीचा नाही. पॉझिक्स प्रणालीत नवी फाईल उघडताना उपलब्ध असलेला सर्वांत लहान क्रमांक दिला जातो. डिस्क्रिप्टर २ रिकामा असेल तर पुढे उघडलेली कोणतीही फाईल तोच क्रमांक घेऊ शकते. मग त्रुटिसंदेश म्हणून लिहिलेला मजकूर थेट त्या फाईलमध्ये जातो. एप्रिल २००२ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने याच स्वरूपाच्या दोषाची सुरक्षासूचना प्रसृत केली होती. प्रमाण डिस्क्रिप्टर बंद ठेवून विशेषाधिकार असलेली आज्ञावली सुरू केली, तर तिचा त्रुटिसंदेश एखाद्या संवेदनशील फाईलमध्ये लिहविता येई आणि सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार मिळविता येत. तेथे क्रमांक मुद्दाम रिकामा ठेवला जात असे. फसलेले व न तपासलेले ‘फ्रीओपन’ तो नकळत रिकामा ठेवू शकते.

यशस्वी ‘फ्रीओपन’नंतरही क्रमांक तोच राहील अशी हमी सी भाषेचे प्रमाण देत नाही. डिस्क्रिप्टर ० आधीच बंद असेल तर नवी फाईल १ ऐवजी ० हा क्रमांक घेऊ शकते. ‘प्रिंटएफ’ला त्याने फरक पडत नाही, पण ‘सिस्टिम’ फंक्शनने सुरू केलेली दुसरी आज्ञावली क्रमांक १ वरच लिहिते व तिचा निर्गम भलतीकडे जातो. ग्नू लायब्ररी याची दखल घेऊन नव्या फाईलला जुना क्रमांक देण्याची खबरदारी घेते.

प्रयोगशाळेतील वापर :

आज्ञालेखनाच्या स्पर्धांची तयारी करणारे विद्यार्थी आगम वारंवार हाताने भरण्याचा त्रास वाचविण्यासाठी ‘एसटीडीइन’ एका फाईलकडे वळवितात. परीक्षण करणाऱ्या यंत्रावर ती फाईल नसते. तेथे ‘फ्रीओपन’ फसते आणि बरोबर असलेले उत्तर चुकीचे ठरते. कोडफोर्सेससारख्या स्पर्धास्थळांवर ‘ऑनलाइन जज’ या अर्थाचा मॅक्रो आधीच घोषित केलेला असतो. तो नसेल तेव्हाच ती ओळ संकलित व्हावी अशी अट घातली की प्रश्न मिटतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत निर्गम फाईलकडे वळविला की ‘संख्या द्या’ यासारखी सूचनाही फाईलमध्येच जाते. पडदा कोरा राहतो, आज्ञावली कळफलकाची वाट पाहत थांबते आणि ती अडकली असे समजून विद्यार्थी ती बंद करतो. बफर रिकामा न झाल्याने फाईलही कोरीच उरते. मूल्यमापनासाठी निर्गम जमविण्याचे काम परीक्षकाने आज्ञेच्या ओळीतील चिन्हाने बाहेरूनच करणे म्हणूनच श्रेयस्कर होय. त्यात विद्यार्थ्याच्या आज्ञावलीत काही घालावे लागत नाही.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी या संकलकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यातील ‘सीप्रिंटएफ’ व ‘गेटसीएच’ ही फंक्शने प्रमाण प्रवाहांतून जात नाहीत. पहिले थेट पडद्यावर लिहिते व दुसरे थेट कळफलकावरून वाचते. ‘फ्रीओपन’चा किंवा आज्ञेच्या ओळीतील चिन्हाचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. त्या सवयीने लिहिलेल्या आज्ञावलीची निर्गम फाईल कोरी आढळली, तर गुण कमी करण्यापूर्वी तिच्यात ‘सीप्रिंटएफ’ आहे काय, एवढे परीक्षकाने उघडून पाहावे.